निवारागृहासाठी स्वयंसेवक हवेत, पण पत्ता सांगता येत नाही. कसं जमवावं?

रानजाई | १२ मार्च, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पुण्यात आमच्या संस्थेचं एक निवारागृह आहे, घरातल्या मारहाणीमुळे बाहेर पडलेल्या बायकांसाठी. छोटंसं आहे, अठरा बायका आणि त्यांची मुलं. संस्थेचं नाव, भाग वगैरे लिहिणार नाही, विचारू पण नका. मी मूळची हिशोब बघणारी. जानेवारीत आधीची ताई लग्न होऊन नागपूरला गेली (हो, आमच्याकडे काम करूनही लोक लग्न करतात) आणि स्वयंसेवक + लोकसंपर्क ही दोन्ही खाती माझ्या गळ्यात पडली.

८ मार्चच्या निमित्ताने व्हॉट्सॅपवर एक आवाहन फिरवलं, "स्वयंसेवक हवेत", बस. तीन दिवसांत ६३ फॉर्म! मी आनंदाने उडीच मारली. मग फॉर्म वाचले. "काय काम करायला आवडेल" या रकान्यात ४१ जणांनी लिहिलंय समुपदेशन. सात जणांना योगा शिकवायचाय. तिघांना "प्रेरणादायी व्याख्यान" द्यायचंय. मंडईतून भाजी आणायला तयार असलेली व्यक्ती एक. बाईला घेऊन कोर्टात जायला शून्य.

तर प्रश्न दोन. एक, या लोकांना नाही कसं म्हणायचं, आणि जे राहतील ते चार महिने तरी टिकतील असं काय करायचं. दुसरा जास्त अवघड आहे, आम्ही आहोत हे ज्या बाईला गरज आहे तिला कळलं पाहिजे पण तिच्या नवऱ्याला आम्ही कुठे आहोत ते कळता कामा नये. बोर्ड लावता येत नाही, ओपन डे करता येत नाही, फोटो टाकता येत नाही. लोकसंपर्क करायचा तरी कसा?

---

टपरीवरचा_चहा | १२ मार्च, रात्री ११:०५

६३ पैकी ४१ समुपदेशक. महाराष्ट्रात सल्ला फुकट आणि मुबलक मिळतो हे आज आकडेवारीनिशी सिद्ध झालं.

---

गवतीचहा | १२ मार्च, रात्री ११:३१

हसू नका टपरीवाले, त्या ४१ मध्ये एके काळी मी होते.

मुंबईत असताना मी पण असाच फॉर्म भरला होता. डोळ्यासमोर चित्र काय, तर कोणी बाई माझ्यासमोर मन मोकळं करेल आणि मी तिचा हात हातात घेईन. पहिल्या शनिवारी मला दिलं काय, तर आलेल्या कपड्यांचे ढीग लावायला. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं दुखायला लागलं आणि ते आजतागायत दुखतंय म्हणा. गेलेच नाही परत. फोन पण उचलला नाही, लाज वाटते आता.

आज वाटतं चूक माझी होतीच, पण त्यांचीही थोडी होती. मला कोणी सांगितलंच नाही की अनोळखी माणसाला आतल्या बायकांजवळ पहिले काही महिने सोडत नाहीत आणि का सोडत नाहीत. मला वाटलं हे मला फुकटची कामवाली समजतायत. रानजाई, तू पहिल्याच दिवशी तोंडावर सांग, कपडे निवडायचेत, डाळ मोजायचीय. जे जातील ते जातील.

---

वकीलीणबाई | १३ मार्च, सकाळी ८:१७

चांगला धागा. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) पॅनलवर काही वर्षं होते. थोडं कायद्याचं लिहिते कारण स्वयंसेवकांना एवढं तरी माहीत हवंच.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. हिंसा म्हणजे फक्त मारणं नाही. लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक, सगळं त्यात येतं. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकणं हेही. एखाद्या घरात हे चाललंय असं वाटलं तर शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) कळवू शकतो, चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही, कलम ४. स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. हे कितीतरी शिकलेल्यांना माहीत नसतं.

आता तुमच्या कामाचं. २००६ च्या नियमांत नियम १६ आहे. बाईने आधी घटना अहवाल (हिंसेची अधिकृत नोंद) नोंदवला नाही म्हणून निवारागृहाला तिला परत पाठवता येत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे समोरच्या पक्षाला सांगायचं नाही. तेव्हा फोनवर "आमची मुलगी तिथे आहे का हो, आई आजारी आहे" असं कोणी रडून विचारलं तरी स्वयंसेवकाचं उत्तर एकच हवं, "मला माहिती देता येत नाही." "नाही, इथे नाहीये" असंही नाही. कारण आज नाही म्हणालात आणि उद्या ती असताना गप्प बसलात तर त्या गप्प बसण्यातूनच कळतं.

आणि हात जोडून विनंती, स्वयंसेवकांना कायद्याचा सल्ला देऊ देऊ नका. यूट्यूबवर बघून "तू पण केस टाक" सांगणाऱ्या ताईंनी माझ्या दोन पक्षकारांचं नुकसान केलंय.

---

अण्णा_सांगलीकर | १३ मार्च, सकाळी ९:५०

मी निवृत्त शिक्षक. मत मांडतो, राग मानू नये. आमच्या गावात असे प्रसंग आले की चार जाणती माणसे दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवत. बरेच संसार त्यातून सावरले. तुमच्या त्या ४१ जणांत वयस्कर, अनुभवी लोक असतीलच. त्यांना नवऱ्याशी बोलायला पाठवता येणार नाही का? बाईला घराबाहेर ठेवणे हा शेवटचा उपाय असावा.

---

मुठाकाठ | १३ मार्च, सकाळी १०:२२

अण्णा, राग नाही, पण एक विचारते. ते चार जाणते उठून घरी गेल्यावर त्या रात्री त्या घरात काय झालं, हे दुसऱ्या दिवशी कोणी विचारायला गेलं होतं का?

---

रानजाई | १३ मार्च, दुपारी १:१५

अण्णा, आमच्याकडे येणारी बाई ही शेवटच्या उपायावरच आलेली असते हो. आई, मामा, नणंद, गावचे पाटील, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांच्या बैठका होऊन झालेल्या असतात. काही जणी परत जातातही, आम्ही अडवत नाही, तो तिचा निर्णय. पण बोलणी करायचीच तर ती प्रशिक्षित समुपदेशक करते, आधी बाईला एकटीला विचारून. आणि ती निघाल्यावरचे पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात, कारण त्याच्या हातातून गेलेली असते ना ती.

@वकीलीणबाई, "इथे नाहीये" पण म्हणायचं नाही हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. लिहून फोनजवळ चिकटवलं.

---

साधा_माणूस | १३ मार्च, दुपारी २:०३

नेहमीप्रमाणे एकतर्फी चर्चा. सासरच्या छळाच्या ४९८अ कलमाचा गैरवापर किती होतो त्यावर कोण बोलणार? पुरुषांसाठी आहे का एखादं निवारागृह?

---

टपरीवरचा_चहा | १३ मार्च, दुपारी २:०९

आले. मी घड्याळ लावून बसलो होतो.

---

वकीलीणबाई | १३ मार्च, दुपारी ३:४०

साधा_माणूस, ४९८अ आता नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ आहे. आणि आपण ज्या कायद्याबद्दल बोलतोय तो वेगळा आहे, त्यात बाई मुख्यतः मागते काय तर राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा आणि "याने माझ्याजवळ येऊ नये" असा आदेश. शिक्षेचा प्रश्न येतो तो आदेश मोडल्यावर, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोट्या केसेस असतात, मी स्वतः पाहिल्यात. त्यासाठी वेगळा धागा काढा, येईन मी तिथे. इथे एक बाई विचारतेय की भाजी कोण आणणार.

---

पाना_पक्कड | १३ मार्च, रात्री ९:३०

साधा_माणूस यांच्या प्रश्नाचा एक धागा मी पकडतो. पुरुष या कामात काय करू शकतात?

मी प्लंबर नाही, पण हातात पाना असला की बरं वाटतं अशातला आहे. बायकोच्या मैत्रिणीमुळे एका निवारागृहाच्या दुरुस्तीच्या कामाला जायला लागलो, सहा वर्षं झाली. महिन्याचा दुसरा रविवार. नियम कडक आहेत. आदल्या दिवशी फळ्यावर लिहितात की उद्या दहा ते बारा एक दादा नळ दुरुस्तीला येणार. ज्यांना माझं तोंड बघायचं नाही त्या वरच्या मजल्यावर जातात. सोबत एक ताई कायम. मोबाईल गेटवर जमा. सुरुवातीला मला अपमान वाटला होता, खरं सांगतो. नंतर एकदा माझ्या हातून पक्कड फरशीवर पडली, मोठा आवाज झाला, आणि कोपऱ्यात खेळणारा चार वर्षांचा पोरगा डोक्यावर हात घेऊन खालीच बसला. त्या दिवसापासून मोबाईल न सांगता देतो.

तो पोरगा पुढे माझा हेल्पर झाला, वायसर कुठला लागणार ते मला तोच सांगायचा. आता ते लोक तिथे नाहीत, कुठे आहेत मी विचारत नाही.

बाकी पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं कामही आहेच. मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३ पासून तेच करतेय, हिंसेविरुद्ध पुरुषांनाच उभं करायचं. पुण्यात नारी समता मंचाने पुरुषांसाठी संवाद केंद्र चालवलंय. साधा_माणूस, तिथे जाऊन बघा एकदा, खोचक नाही, मनापासून सांगतोय.

---

मुठाकाठ | १३ मार्च, रात्री १०:४८

फोटोंबद्दल लिहायचं होतं, आता लिहितेच.

मी दुसऱ्या एका जिल्ह्यात अशाच ठिकाणी अधीक्षिका होते. एक हौशी ग्रुप मुलांचे वाढदिवस साजरे करायला यायचा. फोटो काढायचे नाहीत हे सांगितलं होतं, त्यांनी काढले, पण "चेहरे येऊ दिले नाहीत ताई, फक्त केक आणि मुलांचे हात." फेसबुकवर टाकला. मागे खिडकी होती आणि खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती, टाकीवर नगरसेवकाचं नाव ठसठशीत. तिसऱ्या दिवशी एकीचा नवरा आणि दीर गेटवर. पोलीस आले, ते गेले, पण त्या रात्री दोन बायका आणि तीन मुलं आम्ही गाडीत घालून दुसऱ्या गावी हलवली. त्यातली एक मुलगी दहावीला होती, परीक्षा पंधरा दिवसांवर.

ग्रुपमधल्या बाई नंतर फोनवर खूप रडल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांना फक्त दाखवायचं होतं की आपण काही चांगलं केलं.

आणि फोटो हे एकच नाही. पत्ता कुठून कुठून फुटतो बघा. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला मागवला की जुन्या शाळेला नवीन शाळा कळते. बँकेचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर जातो, तिने चौकातल्या एटीएममधून पैसे काढले की मेसेज त्याला. आधारला नंबर त्याचा. मुलाच्या टॅबमध्ये बापाचं अकाउंट चालू. स्वयंसेवकाने भूक लागली म्हणून मागवलेला वडापाव सुद्धा, डिलिव्हरीवाल्याला पत्ता टाकलाच ना. म्हणून ६३ लोकांना घराचा पत्ता देऊच नकोस. निम्मी कामं ऑफिसातून होतात, निम्मी कोर्टात, दवाखान्यात, शाळेत. आत यायची गरज असलेली माणसं फार थोडी.

---

चकलीभाजणी | १४ मार्च, सकाळी ७:५५

बाप रे. वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

दुसऱ्या प्रश्नावर माझे दोन पैसे. हळदीकुंकू! एकाच वेळी चाळीस बायका, एकही पुरुष नाही, आणि कोणी विचारत नाही कुठे चाललीस. वाण म्हणून टिकल्यांचं पाकीट द्यायचं आणि मागे महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर छापायचा. आमच्या सोसायटीत संक्रांतीला आम्ही उखाण्यांची स्पर्धा पण घेतो, तर हा माझ्याकडून:

वाटीत वाटी, वाटीत तूप,
एक-आठ-एक लावा, बसू नका चूप!

---

टपरीवरचा_चहा | १४ मार्च, सकाळी ८:१०

उखाण्यात रावांचं नाव नाही?

---

चकलीभाजणी | १४ मार्च, सकाळी ८:१२

रावांचीच तर तक्रार आहे.

---

टपरीवरचा_चहा | १४ मार्च, सकाळी ८:१३

हसून हसून पुरेवाट. दंडवत घ्या.

---

नर्मदेकाठी | १४ मार्च, सकाळी ११:२०

उखाणा झकास पण हळदीकुंकवाला माझा विरोध, आणि तो तात्त्विक वगैरे नाही. नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या माझ्या बहिणीला शेजारणीने चार वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. म्हणजे नवरा मारतो तोवर ती सवाष्ण, निघून आली की गायब. ज्या कार्यक्रमात बाहेर पडलेल्या बाईला जागाच नाही तिथे तुम्ही बाहेर पडा कसं सांगणार? विधवा, परित्यक्ता सगळ्यांना बोलावणार असाल तर मी येते तिळगूळ घेऊन.

आणि पाकिटावर नंबर छापलात तर घरी सासू बघणार. नंबर छापायचा नाही, पाठ करून घ्यायचा. तीनच आकडे आहेत.

---

चकलीभाजणी | १४ मार्च, दुपारी १२:०५

हे खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या एक जणी आहेत... बोलावत नाही आम्ही त्यांना. का ते आज तुमच्यामुळे मलाच सांगता येईना. पुढच्या संक्रांतीला सगळ्या.

---

फ्रीमॉन्टकर | १४ मार्च, रात्री ९:१५ (इकडे सकाळ)

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून. इथे 'मैत्री' नावाची संस्था १९९१ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, आणि न्यू जर्सीत 'मानवी' त्याही आधीची, १९८५ ची. इथे नव्याने येणाऱ्यांना वाटतं अमेरिकेत हे कसलं आलंय. येतं हो, सुटकेसमधून येतं. एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा) आलेली मुलगी, गाडी चालवता येत नाही, बँक खातं नवऱ्याचं, पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि व्हिसाही त्याच्याच जिवावर.

कॅलिफोर्नियात कायद्यानुसार घरगुती हिंसेची समुपदेशक म्हणवून घ्यायला किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. मी शनिवार-रविवार घालवून केलं. तिथे बरेच जण आपणहून गळतात आणि ते चांगलंच असतं, रानजाईला कोणाला नाही म्हणावंच लागणार नाही. चाळीस तास जमणार नसतील तर तीन शनिवार तरी ठेवा.

लोकसंपर्काची एक युक्ती जी इकडे सगळीकडे दिसते. बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला कागद, खाली नंबराच्या फाडून घ्यायच्या पट्ट्या. ती एकच जागा जिथे तो बरोबर येत नाही. आमच्या इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात लावला तेव्हा कमिटीतले एक काका म्हणाले मंगल कार्यात हे कशाला. कार्यक्रम संपताना बघितलं तर पाच पट्ट्या फाडलेल्या होत्या. मग काका काही बोलले नाहीत.

---

जुना_बाजार | १४ मार्च, रात्री १०:३०

अवांतर, पण पुण्याचाच विषय आहे म्हणून. "जाहीर करायचं पण गुप्त ठेवायचं" हा रानजाईचा पेच पुण्याला नवा नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांनी गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावं अशा आशयाचे फलक चक्क शहरात लावले होते, असं चरित्रांत वाचायला मिळतं. म्हणजे मदत मिळते हे उघड, कोण आली ते गुप्त. नंतर पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, १८८९ ला मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात. तिथे तर आत काय चालतं यावरून वर्तमानपत्रांत रणकंदन. लोकसंपर्काचं खातं तेव्हा कोणाकडे होतं कोण जाणे!

---

आजची_अस्मानी | १५ मार्च, रात्री १२:४०

हा आयडी आजच काढलाय.

मी २०१३ मध्ये मुलीला घेऊन अशा एका ठिकाणी पाच महिने राहिले. तुम्ही सगळे स्वयंसेवकांच्या बाजूने लिहिताय, मी आतून दिसलं ते लिहिते.

कॉलेजचा एक ग्रुप यायचा प्रोजेक्टसाठी. "तुमची स्टोरी सांगा ना." आमच्यातल्या एकीने त्यांना प्रत्येक वेळी वेगळी स्टोरी सांगितली, एकदा तर टीव्ही सिरीयलचीच. सरांना कळली नाही. एक बाई आल्या त्या आमचं ऐकून रडायला लागल्या, मग आम्हीच त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. साड्या यायच्या ढिगाने, ब्लाऊज नसलेल्या, फॉल सुटलेल्या. दिवाळीत चिवडा इतका की मुलं तोंड फिरवायची, आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी कोणी नाही. आतले कपडे मात्र कोणीच आणत नाही. मी घरून निघाले तेव्हा अंगावर होतं तेवढंच होतं. हे मागायचं कोणाकडे?

एक काकू होत्या, दर गुरुवारी यायच्या. काही विचारायच्या नाहीत. वाटाणे, लसूण, जे असेल ते घेऊन आमच्यात सोलायला बसायच्या, आणि त्यांच्या भिशीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगायच्या. दोन महिन्यांनी मी आपणहून त्यांना सांगितलं. त्यांनी वाटाणे सोलणं थांबवलं नाही, त्यामुळेच सांगता आलं.

आणि एक ताई माझ्याबरोबर कोर्टात यायच्या. साडेदहाला जायचं, बाकावर बसायचं, चार वाजता पुढची तारीख. समोरच्या बाकावर तो आणि त्याचे चौघे. त्या ताईंना कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डबा आणायच्या दोघींचा आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये बसायच्या. अकरा तारखांना आल्या. मला खर्च मिळायचा आदेश झाला त्या दिवशी त्यांना ताप होता तरी आल्या होत्या.

तुमच्या यादीत त्याच कामाला शून्य आहे म्हणून लिहिलं.

---

गवतीचहा | १५ मार्च, सकाळी ६:५८

अस्मानी... काय लिहू. मी पुण्यातच आहे आता. रानजाई, कोर्टाचं काम मला दे. मंगळवार-बुधवार मोकळी असते. डबा मी आणेन.

---

पाना_पक्कड | १५ मार्च, सकाळी ८:४०

+१. मुलगी कशी आहे हो आता?

---

आजची_अस्मानी | १५ मार्च, रात्री ११:१०

बारावी सायन्स. माझ्यापेक्षा उंच. माझं ऐकत नाही :)

---

सुईदोरा | १६ मार्च, दुपारी ४:२५

लोकसंपर्काबद्दल. मी शिवणकाम करते, ब्लाऊज स्पेशल. माप घ्यायला बाई दंड वर करते ना, तेव्हा आम्हाला जे दिसतं ते डॉक्टरला दिसायच्या आधी दिसतं. पार्लरवालीला पण. "बाथरूममध्ये पडले" हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुण्यातली बाथरूमं जरा घसरडीच असावीत. पण पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, मी आपली गप्प टेप गुंडाळायचे. संस्थांनी मोठ्या हॉलमध्ये भाषणं ठेवण्यापेक्षा आमच्यासारख्या दहा जणींना एक तास बसवून शिकवावं की काय बोलावं आणि काय नाही. ट्रायल रूमच्या आत कागद लावायला माझी तयारी आहे.

---

वकीलीणबाई | १६ मार्च, संध्याकाळी ६:००

सुईदोरा, हे फार मोलाचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या साधारण १४ टक्केच निघाल्या, आणि मागतात त्याही मुख्यतः माहेरी, पोलिसांकडे फारच थोड्या. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या पोस्टरपेक्षा तुमची टेप जास्त जणींपर्यंत पोचते. मुंबईत २००० साली महापालिकेच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसलेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं त्यामागे हेच होतं, की ती तक्रार घेऊन आली नाही तरी जखम घेऊन येतेच.

बोलायचं काय, तर फार नाही. "हे कोणी केलं का? तुला हवं तेव्हा सांग, घाई नाही, माझ्याकडे एक नंबर आहे." संपलं. "तू सोडून का देत नाहीस" हे कधीच नाही.

---

साधा_माणूस | १६ मार्च, रात्री ८:५२

वरचे सगळे वाचले. माझी स्वतःची केस चालू आहे म्हणून तसे लिहिले होते. माझे म्हणणे मी सोडलेले नाही. पण त्या पक्कडीच्या आवाजाचे वाचून जरा थांबलो. शाळेची दप्तरे द्यायची असतील तर कुठे द्यायची?

---

रानजाई | २० एप्रिल, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, हिशोबवाली आहे त्यामुळे हिशोब देणं आलं.

६३ जणांना बैठकीला बोलावलं, ऑफिसात, घरात नाही. आले २९. पहिल्या अर्ध्या तासात मी गवतीचहाने सांगितलं तसं तोंडावर सांगितलं, कपडे, डाळ, कोर्टाचा बाक, फोटो नाही, मोबाईल गेटवर, सहा महिने समुपदेशनाचं नाव काढायचं नाही. चहाच्या वेळेला १७ उरले (चहा चांगला होता तरी). तीन शनिवारांच्या प्रशिक्षणानंतर ११. त्यातल्या फक्त चौघींना घर कुठे आहे ते माहीत आहे. प्रेरणादायी व्याख्यानवाल्यांपैकी एक काका टिकलेत, ते आता रोज सकाळी मंडईतून भाजी आणून ऑफिसात देतात आणि भाव कसा पाडला यावर आम्हाला प्रेरणादायी व्याख्यान देतात.

कोर्टाच्या बाकावर गवतीचहा धरून तिघी आहेत. गवतीचहा, परवा त्या बाईला तारीखच मिळाली फक्त, पण संध्याकाळी येऊन जेवली पोटभर, एरवी कोर्टाच्या दिवशी जेवत नाही.

चुका पण झाल्या. एका कंपनीच्या लोकांनी देणगी द्यायची म्हणून "लाभार्थींसोबत" फोटो मागितला, मी नाही म्हटलं, ते गेले. वरिष्ठ माझ्यावर चिडल्यात, बरोबर आहे त्यांचं, पगार त्यातूनच निघणार होते. उपाय सापडलेला नाही. आणि एका प्रशिक्षणाला मी स्वतःच गूगल फॉर्म पाठवला ज्यात चुकून घराच्या जवळचं ठिकाण पडलं होतं. मुठाकाठ, शिव्या घाल. पाच मिनिटांत काढला पण रात्रभर झोप नाही.

शिंपी-पार्लरवाल्यांचा पहिला तास झाला, सुईदोराने नऊ जणी आणल्या. वस्तीतल्या दोन आशाताई पण होत्या. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत दोन फोन आले, दोघींनीही सांगितलं नाही नंबर कुठून मिळाला. आम्ही विचारलं नाही.

---

अण्णा_सांगलीकर | २१ एप्रिल, सकाळी ९:३०

वाचून समाधान वाटले. मुठाकाठ यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो नव्हतो, हे खरे. गणित शिकवण्याची गरज असल्यास सांगावे. बीजगणित, भूमिती दोन्ही. सांगलीहून ऑनलाइन जमेल.

---

रानजाई | २१ एप्रिल, सकाळी ११:०२

अण्णा, नववीच्या दोन मुली आहेत, दोघींनाही भूमितीची भीती. कॅमेरा दोन्हीकडून बंद राहील आणि तुम्हाला त्यांची खरी नावं कळणार नाहीत, चालेल का?

---

अण्णा_सांगलीकर | २१ एप्रिल, सकाळी ११:४०

त्रिकोणाला नाव लागते, विद्यार्थ्याला नसले तरी चालेल. अबक म्हणेन.

---

रानजाई | २१ एप्रिल, दुपारी १२:१०

:) व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आणि आता जूनची तयारी. चिवडा नको, छत्र्या हव्यात. लहान मुलांच्या १४, मोठ्या १८. आतले कपडे नवीन, साईझची यादी मागणाऱ्याला देईन. साधा_माणूस यांची दप्तरं पोचली, सहा, धन्यवाद.

---

चकलीभाजणी | २१ एप्रिल, दुपारी १२:३३

छत्र्या माझ्याकडे लागल्या, सोसायटीतून जमवते. पाठवू कुठे, पत्ता?

---

टपरीवरचा_चहा | २१ एप्रिल, दुपारी १२:३४

अहो ताई!! अख्खा धागा कशावर आहे?

---

चकलीभाजणी | २१ एप्रिल, दुपारी १२:३६

अगंबाई. ऑफिसचा, ऑफिसचा. व्यनित दे गं.